सहा वाड्यांच्या मुंग्या

तंबारू गावात दुखलं म्हणून ओरडायचं नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही. विंचू चावला तर माणूस पायाकडे एकदा बघतो आणि चाललेलं बोलणं पुरं करतो. बाई बाळंत होते तेव्हा मूल रडल्यावरच शेजारणीला कळतं की भिंतीपलीकडे काही चाललं होतं. लाजेपेक्षा मरण बरं, असं इथले बारिबा लोक म्हणतात. इतर लोक अशा म्हणी नुसत्या म्हणतात. हे लोक त्या पाळतात, आणि त्यातच त्यांची निम्मी दुखणी आहेत.

तामू सेको सत्तरीला आला तरी या नियमाला त्यानं धक्का लावला नव्हता. तरुणपणी कुऱ्हाडीखाली अंगठा तुटला, तो त्यानं फडक्यात गुंडाळला आणि आधी बैल घरी आणून बांधले, अशी त्याची कथा गावात सांगत. खरं तर अर्धं नखच गेलं होतं. पण आपल्याबद्दलची चांगली गोष्ट कुणी सांगत असेल तर मधे बोलून ती बिघडवायची नाही, ही तामूची जुनी सवय होती. पुढे जे झालं त्याला ही सवयही थोडी कारण झाली.

तामूची चाळीस आंब्यांची बाग होती आणि मधोमध एक थोरलं झाड. त्या झाडावर पानं शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं राज्य होतं. हिरवी पानं ओढून, पांढऱ्या धाग्यानं शिवून त्या डोक्याएवढी घरटी करत. अशी घरटी बागेत पन्नासएक असतील, पण त्यांतली बरीचशी शिपायांची. राणी एकच, आणि ती थोरल्या झाडाच्या शेंड्याला राहायची. तामूनं तिला एकदाच पाहिलं होतं, वादळात फांदी मोडली तेव्हा. राणी म्हणून त्याला विशेष वाटली नाही, नुसती पोट सुटलेली. पण तिच्या पोटावरच चाळीस झाडांचा कारभार चालला होता, हे त्याला कळलं होतं. ती गेली की शिपाई गेले, आणि शिपाई गेले की बाग माशीची.

आठ वर्षांपूर्वी गावात एक योजना आली होती. तोडणीला झाडावर चढणाऱ्या माणसांना मुंग्या चावतात, सबब मुंग्या नकोत, असं त्या योजनेनं ठरवलं आणि घरोघर पावडर वाटली. आता तोडणीवाली माणसं चावल्याचं कुणाला सांगतच नव्हती, मग योजनेला ते कळलं कसं, हे शेवटपर्यंत कुणाला उमगलं नाही. पण फुकटची पावडर परत कोण करतो? आठवड्यात गावच्या साऱ्या झाडांवरच्या मुंग्या खाली पडल्या. तामू त्या आठवड्यात सासुरवाडीला मयतीला गेला होता. परत आला तोवर पावडर संपली होती, त्याची बाग तेवढी राहून गेली. त्यानं बरीच कुरकुर केली, आपल्या वाटणीची कुणी लाटली म्हणून दोघांशी भांडलाही.

दुसऱ्या वर्षी फळमाशी आली. आंब्याच्या सालीखाली ती अंडी घालते. वरून फळ नवरीसारखं दिसतं आणि कापलं की आत अळ्या वळवळतात. पाराकू शहरातले व्यापारी दोन हंगाम आले, तिसऱ्या हंगामाला आले नाहीत. तामूचे आंबे तेवढे चांगले निघत. लोक म्हणत, म्हाताऱ्यानं काही तरी केलंय. तामूनं काहीच केलं नव्हतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग यंदा समुद्राकाठच्या कोतोनू शहराहून अकाक्पोसाहेब आले. नव्या योजनेचे डायरेक्टर. गोरेगोमटे नव्हेत, पण समुद्राकाठचा माणूस, बाह्या आखूड आणि बोलणं लांब. त्यांनी तामूच्या बागेत दोन दिवस काढले, फळं भिंगाखाली धरली, आणि गावाला जमवून सांगितलं की किड्यांची भाषा म्हणजे वास. मुंगी फळावरून चालली की तिथं आपला वास ठेवून जाते. माशी अंडी घालायला उतरते, हुंगते आणि दुसरं फळ शोधते. म्हणून तामूचे आंबे शाबूत. गावाला हे नवं नव्हतं. एका कुत्र्यानं ज्या खांबाशी पाय वर केला त्याच्याशी दुसरं कुत्रं कसं वागतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण साहेबांनी ते इतकं सुंदर सांगितलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी विचारलं, मागच्या योजनेत सगळ्यांनी मुंग्या मारल्या, तुम्ही का नाही मारल्या? तामूनं क्षणभर सासुरवाडीच्या मयतीचा विचार केला. मग तो म्हणाला, वाडवडिलांनी सांगून ठेवलं होतं. साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि तामूच्या डोक्यावर योजनेची हिरवी टोपी ठेवली. टोपीवर काय लिहिलं होतं ते तामूला वाचता येत नव्हतं. ‘परंपरेचा राखणदार’ असं लिहिलंय म्हणाले. घरी बायको, बोना, टोपीकडे बघत म्हणाली, “राखणदार बरोबर आहे. बाबांच्या मयतीत सहा दिवस तुम्ही उकडलेले यामचे कंद राखत बसला होतात.”

टोपी डोक्यावर आली की मान हलवता येत नाही. पंधरा दिवसांनी अकाक्पोसाहेबांनी ठरवलं की मुंग्या साऱ्या गावाच्या झाल्या पाहिजेत. इथवर ठीक होतं. तामूला वाटलं, लोक रानातून घरटी आणतील, आपापल्या बागेत लावतील. पण योजनेच्या कागदावर ‘सहा वाड्यांचा एकत्र सहभाग’ असे शब्द होते, आणि तंबारूला वाड्या सहाच. तेव्हा आंबा सोसायटीचा अध्यक्ष गाडो यानं तोडगा काढला. गाडो म्हणजे तामूच्या बहिणीचा मुलगा. त्यानं आयुष्यात आंब्याचं झाड लावलं नव्हतं, पण वाटणी उत्तम करायचा. मयताच्या बोकडाचीही तो अशी वाटणी करी की प्रत्येक घराला आपल्यालाच जास्त मिळालं असं वाटे. त्यानं ठरवलं, तामूची वाडी सोडून उरलेल्या पाच वाड्यांनी आपापल्या रानातून एकेक घरटं आणायचं आणि ती पाचही तामूच्या थोरल्या झाडावर टांगायची. त्याला ऐक्याचं झाड म्हणायचं. मोठा समारंभ करायचा. पाचवं घरटं गावच्या सरदारांच्या वाडीचं, ते सरदारांनी स्वहस्ते टांगायचं.

हे ऐकलं आणि तामूला एक झाड आठवलं. बागेच्या बांधापलीकडे रानाच्या कडेला ते जुनं झाड होतं, त्यावर दुसऱ्या राणीच्या मुंग्या. वाऱ्यानं दोन फांद्या एकमेकींना टेकल्या की तिथं जे होई ते तामू वीस वर्षं बघत आला होता. दोन्हीकडच्या मुंग्या दिसायला सारख्या, माणसाला फरक कळणार नाही. पण मिशा लागल्या की वास कळतो, आणि वास परका निघाला की एकमेकींचे पाय ओढून तुकडे करतात. तामू दरवर्षी तेवढ्या फांद्या छाटायचा. आता गाडो पाच परकी सैन्यं राणीच्या अंगणात आणून टांगणार होता.

दुपारची जेवणं झाल्यावर तो गाडोच्या घरी गेला. गाडो भाषणाचा सराव करत होता. तामूनं सगळं नीट सांगितलं. बांधावरचं झाड, मिशा, वास.

गाडोनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मामा, म्हणजे तुमचं म्हणणं, बाकीच्या वाड्यांना वास येतो?”

“वाड्यांना नाही रे. मुंग्यांना.”

“कुठल्या वाडीच्या मुंग्यांना? सरदारांच्याही?”

“सगळ्यांच्याच. एकीला दुसरी चालत नाही.”

“आणि तुमच्या मुंग्या तेवढ्या सोवळ्या. मामा, हे मी तुमचा भाचा म्हणून ऐकलं आणि विसरलो. तुम्ही हे सरदारांपुढे बोलणार आहात का? की तुमच्या वाडीची मुंगी माझ्या मुंगीला परकी म्हणते?”

मागं एका विहिरीवरून दोन वाड्या अकरा वर्षं बोलत नव्हत्या, आणि ती विहीर कोरडी होती. मुंग्यांवरून काय होईल याचा त्यानं हिशोबच केला नाही. उठता उठता त्यानं एवढंच विचारलं की डायरेक्टरसाहेबांना तरी वासाचं माहीत असेल ना. गाडो म्हणाला, साहेबांनाच आधी विचारलं होतं. साहेबांना ते पक्कं माहीत आहे, पुस्तकात आहे म्हणाले. पण कागदावर सहभाग लिहिलाय, आणि कागद मुंग्यांना विचारून होत नाही. एखाद्या आठवड्यात त्या एकमेकींना समजून घेतील, अशी साहेबांना आशा आहे.

समारंभाच्या सकाळी चार घरटी पोत्यांतून आली. शिडी लावून चार बाजूंना टांगली गेली. झाडाखाली गालिचे घातले आणि मानाच्या खुर्च्या मांडल्या, कारण गावात त्याच्याइतकी गार सावली दुसरी नव्हती. पाहुण्यांसाठी मात्र बाजूला ताडपत्रीचा मांडव होता. लांब कर्णे वाजले. सरदार घोड्यावरून आले, भरजरी घोळदार झगा सावरत मधल्या खुर्चीत बसले. उजवीकडे पाच वाड्यांचे म्हातारे बसले. डावीकडे हिरव्या टोपीत तामू.

पहिलं भाषण चालू असतानाच वरून पडझड सुरू झाली. आधी सुटी एखादी, मग जोड्या, मग एकमेकींना धरलेल्या सहा-सात जणींच्या गोळ्या. गालिच्यावर तीळ सांडावेत तसा सडा पडला. मेलेल्या गालिच्यावर राहिल्या. जिवंत होत्या त्यांना शत्रू सापडेना, तेव्हा त्या जे मऊ लागेल त्याला चावू लागल्या. झग्यांना बाह्या मोठ्या असतात, गळा मोठा असतो, आतून जागा तर खूपच असते.

कुणी हललं नाही. सरदारांच्या पापणीवर एक चढली, पापणी लवली नाही. बाजूच्या वाडीचा म्हातारा बुबुळं न हलवता समोर बघत होता आणि त्याच्या कानातून दोन मुंग्या ये-जा करत होत्या. मांडवातून अकाक्पोसाहेबांनी हे पाहिलं आणि त्यांना उमाळा आला. हात पसरून ते भोंग्यात म्हणाले, “बघा. अर्धा तास हे वडीलधारे मुंग्यांच्या झाडाखाली बसले आहेत. एकानं तरी हात हलवला? आपण निसर्गाला आपलं म्हटलं की निसर्ग चावत नाही.” मांडवात टाळ्या झाल्या. झाडाखाली कुणी टाळी वाजवली नाही. हात हलवला तर तो खाजवायला जाईल, अशी सगळ्यांना भीती होती.

तामूला चावत होत्या त्या त्याच्याच होत्या की परक्या, ते त्याला कळत नव्हतं. त्याचं लक्ष वर होतं. टांगलेल्या चार घरट्यांतल्या मुंग्यांचं आपसातही पटलं नव्हतं. चार सैन्यं एकमेकांना फाडत होती आणि चौघांची मिळून तामूच्या मुंग्यांशी लढाई चालली होती. सोसायटीची वार्षिक सभा अशीच व्हायची, पण तिथं निदान दुपारी जेवण असे. मग त्याला शेंड्याकडे पांढरं काही तरी हलताना दिसलं. त्याच्या मुंग्या तोंडात पिल्लं घेऊन राणीच्या घरट्यातून बाहेर पडत होत्या. घर पेटल्यावर बाई पोर काखेत मारून निघते तसं. वीस वर्षांत त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. त्याचा अर्थ एकच होता, शत्रू दारात आलाय.

तेवढ्यात गाडोनं सरदारांचं नाव पुकारलं. दोघा माणसांनी पाचवं पोतं आणलं. सरदारांची वाडी म्हणून घरटंही सरदारासारखं होतं, बाकीच्यांच्या दुप्पट. आत खरखर चालली होती. शिडी शेंड्याच्या बाजूलाच लावली होती, कारण सरदारांचा मान सगळ्यांत उंच.

सरदार उठले. सरदार उभे असताना दुसऱ्यानं बोलायचं नसतं. बोलून तरी तामू काय सांगणार होता? तुमचं घरटं परकं आहे? ते पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर झालं असतं. माझी राणी मरते आहे? सगळ्यांच्या बागा मेल्या होत्या. तुझीच तेवढी का जगावी, असं कुणीही म्हटलं असतं. तामूनं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. कुणाचा अपमान न करता मोडता येईल अशी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती, आणि ती त्याची स्वतःची होती. सत्तर वर्षं जपलेली.

सरदारांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तामू खुर्चीवरून उठला, त्यानं टोपी फेकली, झगा डोक्यावरून ओढून काढला आणि ओरडला.

“आई गं! मेलो! चावताहेत, अगं आई गं!”

कर्णेवाल्यांचे हात थिजले. बायकांच्या बाजूला कुणी तरी श्वास आत ओढला. तामू नुसत्या चड्डीवर, मानाच्या गालिच्यावर नाचत होता, आणि एकदा ओरडल्यावर त्याच्या लक्षात आलं की ओरडणं सोपं आहे. त्यानं आणखी तीन वेळा केलं.

मग जे झालं त्याला तंबारूत आजही ‘तामूला मदत केली’ असं म्हणतात. सरदारांनी पोतं गाडोच्या हातात दिलं, अत्यंत काळजीनं तामूजवळ आले, त्याचा झगा उचलून झटकला, आणि झटकायचा कसा ते दाखवायला म्हणून स्वतःचाही काढून झटकला. सगळे म्हातारे मदतीला धावले. गरिबाला किती चावल्या असतील म्हणत प्रत्येकानं आपापली पाठ झाडाच्या बुंध्याला घासली, मग बुंध्यावरही मुंग्या आहेत हे आठवून मांडवाच्या खांबाला घासली. अकाक्पोसाहेब काय झालं बघायला मांडवातून झाडाखाली आले आणि अर्ध्या मिनिटात फ्रेंचमधून किंचाळत परत गेले. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. समुद्राकाठच्या माणसांची चामडी पातळच असते.

त्या गोंधळात तामूनं आंबे उतरवायची लांब आकडी घेतली, शिडीवर चढला आणि चारही घरटी खाली पाडली. कुणी अडवलं नाही. ज्याला इतकं दुखतं त्याला थोडं वेड लागणारच, असं सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं. गाडोच्या हातातलं पोतं तर गाडोनंच पन्नास पावलं दूर नेऊन टाकलं होतं. त्याला शिवण उसवलेली आढळली होती.

दुसऱ्या दिवसापासून तामूला गावात तोंड दाखवणं कठीण झालं. ज्वारीच्या दारूच्या छपरात तो शिरला की माणसं बोलता बोलता थांबत. एखादा जण दारूचा तुंबा ओठाला लावून हळूच ‘आई गं’ म्हणे आणि बाकीचे दारूत फुरफुरत. गाडोनं चौकात सगळ्यांसमोर विचारलं, “मामा, उद्या बाजारला येताय ना? की वाटेत डास असतील?” अंगठ्याची गोष्ट आता लोक वेगळी सांगू लागले. अंगठा तुटलाच नव्हता, नख मोडलं होतं, आणि तेव्हाही म्हातारा रडला होता. खरं आणि खोटं असं अर्धं-अर्धं मिसळल्यावर तामूला ते खोडताही येईना. योजनेचा अहवाल आला, त्यात त्याचा फोटो होता, तोंड उघडं, हात वर. परंपरेचा राखणदार आनंदानं गातो आहे, असं खाली छापलंय म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बोना याम कुटताना मुसळ न थांबवता म्हणाली, “अहो, सात बाळंतपणं झाली माझी. एकदा हूं केलं नाही. तुम्ही मुंगीला ओरडलात.”

तामू म्हणाला, “राणीसाठी ओरडलो.”

“कुणासाठी ते मला कळलं. बाकीच्यांना कळलं नाही, आणि तुम्ही सांगणार नाही.” मग तिनं त्याला कुटलेल्या यामचा नेहमीपेक्षा मोठा गोळा वाढला.

राणी जगली की नाही हेच तामूला कळत नव्हतं. शेंड्याचं घरटं सुकून तपकिरी झालं होतं. फांद्यांवर मुंग्या होत्या, पण थोड्या, आणि काम नसल्यासारख्या इकडून तिकडे फिरणाऱ्या. राणी मेली तर शिपाई काही आठवडे असेच फिरत राहतात आणि मग संपतात. आंबे हातात मावतील एवढे झाले होते. एका सकाळी त्यानं खालच्या फांदीवरच्या फळावर एक माशी उतरलेली पाहिली. ती हुंगत राहिली. उडाली नाही. मागचा भाग सालीला टेकवू लागली तेव्हा तामूनं तिला हातानं मारलं आणि मग तिथंच बसून राहिला. चाळीस झाडं हातानं कशी राखणार?

दिवस दिवस तो मान वर करून बसायचा. मान अवघडली. ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी बोना पाणी घेऊन आली तेव्हा तो बसलेला नव्हता. शिडीच्या मधल्या पायरीवर उभा राहून पानांत डोकं खुपसून होता. त्यानं तिला हातानं बोलावलं. थोरल्या झाडाच्या दक्षिणेच्या फांदीवर, नव्या कोवळ्या पानांत, वीस-पंचवीस मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून धरत होत्या, एकीची कंबर दुसरीनं धरून. आतल्या बाजूनं एक जण तोंडात पिल्लू घेऊन ते इकडून तिकडे नेत होती, आणि पिल्लाच्या तोंडातून पांढरा धागा निघत होता. पिल्लू पोसलेलं होतं, ताजं होतं. ताजं पिल्लू राणीशिवाय कुठून येणार?

तामूला काही तरी बोलावंसं वाटलं, पण एका महिन्यात दोनदा आवाज फुटणं बरं दिसलं नसतं. बोना शिडीखाली मान वर करून उभी होती. तेवढ्यात एक मुंगी तिच्या मानेवर पडली आणि तिनं तिथंच दात रोवले. तामूनं ते पाहिलं. बोनानं हळूच दोन बोटांनी तिला सोडवलं, चिरडलं नाही, आणि खोडावर परत ठेवलं. बाजूनं जाणाऱ्या एकीनं तिला मिशा लावल्या, हुंगलं आणि वाट दिली.

“आपलीच आहे,” बोना म्हणाली.

“चावली का?” तामूनं विचारलं.

“बाईमाणसाला असलं विचारतात का?” ती म्हणाली आणि पाण्याचा तुंबा त्याच्या हातात द्यायला शिडीची एक पायरी वर चढली.